रुळाची तपासणी होते, छातीची कधी?

(भिलाई येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या भिलाईचे रूळ देशभर अंथरलेले आहेत. रूळ वरून कितीही चकचकीत दिसला तरी आत बारीक चीर असू शकते, हे आपल्या गँगमधल्या नव्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून अल्ट्रासॉनिक यंत्र रुळावरून फिरवतात आणि दोष सापडला की रूळ मोडायची वाट न पाहता बंदोबस्त करतात. लोखंडाची एवढी काळजी घेणारे आपण, स्वतःच्या छातीची कोणती काळजी घेतो? आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत. महागाई भत्त्याचा विषय पुढच्या सभेत घेऊ.

आमचा एक जुना सहकारी यार्डात शंटिंगवर होता. रात्रपाळीत छातीत जड वाटू लागले, घाम फुटला. "गॅस झाला असेल" म्हणून त्याने सोडा घेतला आणि ड्यूटी पुरी केली. कोणाला सांगितले नाही, कारण वैद्यकीय तपासणी जवळ आली होती आणि वर्ग कमी होईल ही धास्ती होती. सकाळी घरी गेला तो गेलाच. पुढे कपाटात त्याचा रक्ताचा रिपोर्ट सापडला. त्यात कोलेस्टेरॉल वाढलेले होते. आठ महिने तो कागद घडी घालून तसाच पडला होता. त्याला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. अशी घडी घातलेले कागद आज या सभागृहातही काही खिशांत असतील, म्हणून सांगतो.

कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. तो मेणासारखा पदार्थ आहे, शरीराला तो लागतो आणि त्याचा बराचसा भाग आपले यकृतच तयार करते. रक्तातून त्याची ने-आण करणाऱ्या गाड्या असतात. त्यांपैकी एलडीएल नावाची गाडी फार झाली की माल रक्तवाहिनीच्या भिंतीत उतरू लागतो. वर्षानुवर्षे थर चढतो आणि काही दुखत नाही. मग एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाहिनी बंद पडते. तोच हार्ट अटॅक. विडी-सिगारेट, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह हे काम लवकर घडवून आणतात.

या रोगाबद्दल जगाला जे कळले, त्यातले बरेचसे आपल्यासारख्याच कामगारांकडून कळले आहे. १९५३ साली लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. दोघे एकाच खात्याचे आणि एकाच गाडीवरचे, तरी हृदयविकार ड्रायव्हरांत कितीतरी जास्त निघाला. टपाल खात्यातही तेच दिसले. पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा टेबलावरचे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर यांना हा रोग अधिक होता. १९६२ मध्ये अमेरिकेतील रेल्वे कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे हृदयविकाराने सर्वांत जास्त मृत्यू कारकुनांत झाले होते. मध्ये होते यार्डातले सांधेवाले आणि सर्वांत कमी मृत्यू लाइनवर राबणाऱ्या गँगमनमध्ये. कारकुनांच्या मानाने जवळपास निम्मे.

आपल्या देशातला अभ्यास तर खास आपला आहे. रेल्वेचेच डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी भारतीय रेल्वेच्या साडेअकरा लाख कर्मचाऱ्यांमधील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि १९६७ साली निष्कर्ष मांडले. उत्तरेत पंजाबकडचे कर्मचारी दूध-तूप भरपूर खाणारे, पण हृदयविकाराचे मृत्यू दक्षिणेकडे सातपट होते. हा अभ्यास नोंदींवर आधारलेला होता, त्यामुळे त्याला मर्यादा आहेत. त्यावरून "तूप कितीही खा" असा अर्थ कोणी काढू नये. आपण धडा एवढाच घ्यावा, की एकट्या तुपाच्या माथी सगळे पाप मारून सुटका नाही. माणूस काय खातो, किती हालतो, काय ओढतो आणि त्याला विश्रांती किती मिळते, हा सगळा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

आता ताटाकडे पाहू. घरात महिन्याला तेल किती येते ते एकदा मोजा. माणशी अर्धा किलो हा ढोबळ अंदाज धरावा. दुप्पट येत असेल तर हात आखडावा. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते. म्हणूनच सरकारने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील तिचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणले. ठेल्यावरचा समोसा, भजी आणि सकाळची जिलेबी रोजची नको, आणि तेच ते तेल पुन्हापुन्हा तापवलेल्या कढईतले तर नकोच. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. त्यात लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. महागडे ओट्स आणायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, लालभाजी, मुनग्याच्या शेंगा, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे हे आपल्या विदर्भातही होते आणि या छत्तीसगडातही बाजारात मिळते. आणि घरातल्या बाईने रांधायचे नि पुरुषाने नुसते नाक मुरडायचे, हेही आता पुरे. तिच्याही छातीत हृदय आहे आणि तिची तपासणी सगळ्यांत शेवटी होते.

पण मित्रहो, नुसता उपदेश करून आम्ही खाली बसलो, तर ते युनियनचे काम झाले नाही. लोको पायलट रात्री दोनला रनिंग रूममध्ये उतरतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात येईल ते तो खातो. दहा-बारा तास कॅबमध्ये बसलेल्या माणसाला "रोज अर्धा तास चाला" म्हणणे सोपे आहे. तो चालणार कधी आणि झोपणार कधी? ऑगस्ट १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने संप करून दहा तासांच्या ड्यूटीचे वचन मिळवले. ८ मे १९७४ ला सुरू झालेल्या देशव्यापी संपात आठ तासांची मागणी होती. तो झगडा घड्याळाचा होता तसाच हृदयाचाही होता, हे आज अधिक पटते. आता पोस्टमन मोटारसायकलवर आला आणि काउंटरवरचा सहकारी संगणकापुढे खिळला. कष्ट कमी झाले म्हणतात, पण त्यातली हालचालही गेली.

वैद्यकीय तपासणीच्या भीतीबद्दलही स्पष्ट बोलू. वर्ग कमी झाला तर किलोमीटर भत्ता जातो, हे खरे आहे आणि संसाराला ते झोंबते. पण तेवढ्याने नोकरी जात नाही. पर्यायी कामावर घेण्याचा नियम आहे आणि त्याच्या अंमलासाठी युनियन तुमच्या पाठीशी उभी राहील. भत्ता गेला तर आपण भांडू शकतो. माणूस गेला तर कोणाशी भांडणार? छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप यांपैकी काही जाणवले तर गॅस म्हणून बसू नका. कंट्रोलला कळवा, सहकाऱ्याला सांगा आणि ताबडतोब इस्पितळ गाठा. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नका.

आपल्या कारखान्याला लोहखनिज ज्या दल्ली राजहराहून येते, तिथल्या खाणकामगारांनी १९७७ च्या गोळीबारात आपले अकरा साथी गमावले. त्यांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ रोजी त्यांनी स्वतःच्या वर्गणीने नि श्रमाने शहीद हॉस्पिटल उभे केले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची १९९१ साली याच भिलाईत हत्या झाली. मतभेद कोणाचे असतील ते असोत, पण आरोग्य हे युनियनचे काम आहे हे त्या खाणकामगारांनी दाखवून दिले.

म्हणून चार मागण्या या सभेपुढे ठेवतो. चाळिशीवरील प्रत्येक कामगाराची, त्यात ट्रॅक मेंटेनर, कंत्राटी कामगार आणि ग्रामीण डाक सेवकही आले, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉलची दरवर्षी तपासणी व्हावी. रनिंग रूमच्या जेवणावर कामगारांच्या समितीची देखरेख असावी. ठरलेली विश्रांती कागदावर नको, प्रत्यक्षात मिळावी. आणि आजार सांगणाऱ्यावर कोणताही डूख धरला जाऊ नये.

मागण्या प्रशासनाकडे आम्ही नेऊ. एक काम मात्र तुमचे. आज घरी गेल्यावर कपाटातला तो घडी घातलेला कागद बाहेर काढा आणि उद्या डॉक्टरांना दाखवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!