घरातला उपवासकाळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या या समारंभात लेंटविषयी दोन शब्द बोलावे, अशी मंडळाची सूचना झाली. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी हा काळ पाळीत नाहीत. म्हणून आधी त्याची ओळख करून देते.

लेंट हा आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो. मोजले तर दिवस ४६ भरतात; पण मधले सहा रविवार उपवासाचे धरीत नाहीत, म्हणून ४० म्हणावयाचे. प्रभू येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. २०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला. त्याच आठवड्यात रमजान सुरू झाला, आणि महाशिवरात्र तर तीनच दिवस आधी होऊन गेली होती. एकीने साबुदाणा भिजत घातला, दुसरी सहेरीसाठी पहाटे उठली, तिसरीने मांसाहार सोडला. उपवास तीन तऱ्हांचे, पण तिन्ही घरांत भांडी घासावयाची ती होतीच!

येशू रानात गेला. संसारी बाईने कोठे जावे? मुलांचे डबे, सासूबाईंचे औषध आणि नळाची वेळ सोडून तिला चाळीस दिवस तर राहोच, चाळीस मिनिटेही एकान्त मिळत नाही. तेव्हा तिचा उपवासकाळ घरातच साजरा झाला पाहिजे.

राखेचेच पाहा. त्या बुधवारी पुष्कळ चर्चमध्ये उपासकांच्या कपाळावर राखेने क्रूस काढतात. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ही राख करण्याची चाल आहे. माणूस मातीचा आहे आणि मातीला मिळणार आहे, हे ती सांगते. आपल्या आई-आजींना राखेचा आणखी एक गुण ठाऊक होता. नारळाच्या शेंडीवर चुलीतली राख घेऊन घासले की काजळी धरलेले पातेले लख्ख होई. तीच राख आपला शेवट सांगते आणि तीच मळ काढते. पश्चात्ताप म्हणतात तो याहून निराळा नाही.

लूककृत शुभवर्तमानात एका बाईची गोष्ट आहे. तिच्या दहा नाण्यांपैकी एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधते. मग शेजारणींना बोलावून आनंद करते. हरवलेल्या माणसाला देव कसा शोधतो, हे सांगण्यासाठी येशूने झाडू हातात घेतलेली बाई निवडली, हे आपण विसरू नये.

आपल्या मराठवाड्याला हे नवीन नाही. गंगाखेडच्या जनाबाईबरोबर विठ्ठल दळण दळीत असे, आणि पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन पाणी भरीत असे, या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या. आपल्याच शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्कीवर यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनातही प्रार्थना, स्वयंपाक, विणकाम आणि छापखाना एकाच आवारात नांदत होते.

लेंटची जुनी अंगे तीन : प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. ती घरात अशी आणता येतील. दिवसातले एक काम प्रार्थनेसाठी राखावे. त्या वेळी मोबाईल दूर ठेवावा. भाकरी थापताना एकेका भाकरीबरोबर एकेका माणसाचे नाव मनात घ्यावे, ज्याच्याशी अबोला आहे त्याचेही. उपवास अन्नाचा करावाच, पण ‘मी एवढे करते, माझे कोणाला काय?’ हा हिशेबही चाळीस दिवस सोडून पाहावा. जेवण सोडण्यापेक्षा ते अवघड आहे. आणि उपवासाने जे वाचेल ते डब्यात न साठवता गरजूच्या हाती पोहोचवावे.

परंतु भगिनींनो, येथे एक धोका आहे. ‘काम हीच तुझी पूजा’ असे बाईला सांगणे, काम न करणाऱ्यांना फार सोयीचे असते. म्हणून उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्रीची गोष्ट घरातल्या सर्वांना सांगावी. जेवणाच्या वेळी येशू उठला, त्याने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. ते चाकराचे काम गुरूने केले. हा धडा घरधन्यासाठी आहे, मुलांसाठी आहे. आपले ताट आपण उचलणे आणि धुणे, एवढ्यापासून त्यांचा लेंट सुरू होऊ शकतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. भांडी घासण्यात देव भेटतो, असे आपण येथे म्हणतो. पण कित्येक घरांत ती भांडी पैसे देऊन दुसरी बाई घासते. तिच्या वाट्याला काय येते? यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव विचारतो की, मान लववून राख अंथरणे हा काय उपवास? जुलमाचे जू सोडावे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यावा, हा त्याला मान्य असलेला उपवास. आमच्या धर्मातले हे सर्वांत कठोर शब्द आहेत आणि ते थेट आपल्या मोरीपर्यंत येतात.

म्हणून आजच्या दिवशी मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस हक्काची सुट्टी द्यावी. ती आजारी पडली तर त्या दिवसांचा पगार कापू नये. तिचा चहा आपण पितो त्याच कपात द्यावा, फळीवर वेगळा ठेवलेल्या कपात नव्हे. या तिन्ही गोष्टींसाठी कोणताही धर्म बदलावा लागत नाही. चाळीस दिवस एवढे केले, तर एकेचाळिसाव्या दिवशी ते मोडावेसे वाटणार नाही, अशी माझी श्रद्धा आहे.