बाल्टन कसा घडला



पत्रिकेतला विषय वाचून काहींना वाटले असेल की आजची संध्याकाळ मुलांसाठी आहे. मुले आली असतील तर आनंदच आहे. पण मी बोलणार आहे ते मोठ्या माणसांनी जीव ओतून केलेल्या एका कामाबद्दल.

२४ जुलै १९६६, रविवार. जपानच्या टीबीएस वाहिनीवर संध्याकाळी सात वाजता ‘अल्ट्रामॅन’ मालिकेचा दुसरा भाग लागला आणि पडद्यावर एक परग्रहवासी अवतरला. तोंड कीटकाचे, डोळे मोठे आणि चमकते, डोक्याला मधोमध दुभंग, आणि पंजांच्या जागी खेकड्यासारख्या दोन अजस्र नांग्या. त्याचे नाव बाल्टन. तो हसतो तेव्हा खोल, घुमणारा, पोकळ असा आवाज येतो. जपानमध्ये तीन पिढ्यांची मुले नांग्यांसारखी बोटे उघडझाप करत त्या हसण्याची नक्कल करत आली आहेत.

या बाल्टनचे अंग, खरे सांगायचे तर, जुनेच होते. सुबुराया प्रॉडक्शन्स या कंपनीची आधीची मालिका ‘अल्ट्रा क्यू’ त्याच वर्षी २ जानेवारीला सुरू झाली होती. तिच्या सोळाव्या भागात एक सिकाडा-मानव होता, म्हणजे झाडावर किरकिरणाऱ्या त्या किड्याचे तोंड असलेला माणूस. त्याचा पोशाख गोदामात पडून होता. दिग्दर्शक तोशिहिरो इइजिमा यांनी सुचवले की यालाच शिंगे आणि नांग्या लावा. तसे केले, आणि बाल्टन उभा राहिला. हसणेसुद्धा उसने: तोहो कंपनीच्या १९६३ सालच्या ‘मातांगो’ या चित्रपटातल्या अळंबी-माणसांचा आवाज त्याला दिला.

दर आठवड्याला नवा राक्षस हवा, आणि पैसा व वेळ दोन्ही तुटपुंजे. म्हणून पोशाखांचे पुनर्जन्म होत राहिले. तोहोच्या १९६५ सालच्या चित्रपटातला बारागॉन नावाचा राक्षस उसना आणला. त्याचे डोके बदलून पागोस झाला, मग नेरोंगा, मग मागुलर, मग गाबोरा. एकाच कातडीत चार जन्म! गॉडझिलाच्या गळ्याभोवती भलीमोठी झालर लावून जिरास नावाचा राक्षस केला. ‘अल्ट्रामॅन’च्या दहाव्या भागात मालिकेचा नायक अल्ट्रामॅन ती झालर उपटतो आणि गॉडझिलाचा ओळखीचा चेहरा उघडा पडतो. एवढ्या तंगीतून आलेली ही मंडळी साठ वर्षे टिकली कशी? माझ्या मते याचे उत्तर एका शिल्पकाराने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांत आहे.

त्यांचे नाव तोरू नारिता. जन्म १९२९, कोबे शहरात. बालपण उत्तरेकडच्या आओमोरीत. अगदी तान्हे असताना चुलीच्या विस्तवात त्यांचा डावा हात भाजला आणि कायमचा अधू झाला. तरी ते चित्रे काढत राहिले, मुसाशिनो कलाविद्यालयात शिल्पकला शिकले. १९५४ साली ‘गॉडझिला’ तयार होत असताना पोटापाण्यासाठी ते तिथे छोट्या इमारती घडवायच्या कामाला लागले. राक्षसाने तुडवायच्या इमारती! पुढे ‘अल्ट्रा क्यू’, ‘अल्ट्रामॅन’ आणि ‘अल्ट्रासेव्हन’ या मालिकांचे कलादिग्दर्शन त्यांच्याकडे आले.

नारितांनी राक्षस रेखाटण्याचे तीन नियम ठरवले. पहिला: पृथ्वीवरचा एखादा प्राणी नुसता मोठा करून राक्षस म्हणायचे नाही. दुसरा: राक्षस म्हणजे भूतखेत नव्हे, तेव्हा दोन डोकी, चार-सहा हात असले काही जोडायचे नाही. तिसरा: शरीर फुटलेले, आतडी बाहेर आलेली, रक्त ठिबकते आहे असे दाखवायचे नाही.

हे नियम नीट ऐकावेत अशी माझी विनंती आहे, कारण भीती निर्माण करण्याच्या तिन्ही सोप्या वाटा त्यांमुळे बंद झाल्या. पाल घ्या आणि पन्नास मीटरची करा, झाले काम. तिला सात तोंडे लावा, झाले काम. काहीच सुचले नाही तर रक्त आहेच. हे सगळे वर्ज्य केल्यावर कलावंताच्या हाती उरतो तो फक्त आकार, आणि तिथे शिल्पकार कामी येतो. तिसऱ्या नियमाबद्दल मला विशेष आदर आहे. समोर लहान मूल बसले आहे, त्याला दचकवा, थरारून टाका, पण त्याच्या मनात किळस पेरू नका, हा त्या नियमाचा अर्थ. आज मुलांसाठी काही करणाऱ्या प्रत्येकाने तो टेबलावर लिहून ठेवावा.

आकार कुठून आणले? ‘अल्ट्रा क्यू’मधला केमूर हा परग्रहवासी पाहा. त्याचे डोळे एका रेषेत नाहीत. प्राचीन इजिप्तच्या चित्रांत चेहरा बाजूने आणि डोळा समोरून दिसतो, त्या जाणिवेतून तो आला. डाडा नावाच्या राक्षसाच्या अंगावर काळेपांढरे पट्टे असे फिरतात की नजर ठरत नाही. त्याचे नाव थेट युरोपातल्या डाडा कलाचळवळीवरून. आणि माझा लाडका कानेगोन. पैशाचा लोभ असलेल्या एका मुलाचा झालेला हा राक्षस. डोके पैशाच्या बटव्यासारखे, तोंडाला चेन, डोळे दांड्यांवर बाहेर आलेले. त्याला नाणी खावीच लागतात, नाही तर मरण. किती शिल्लक आहेत ते छातीवर दिसते. लोभावर एवढे नेमके चित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

कागदावरचे हे सारे अंगावर घालता येईल असे करायचे काम र्‍योसाकु ताकायामा यांचे. तेही मूळचे चित्रकार. फोमचे थर रचून अंग भरायचे, वर लॅटेक्स रबराची कातडी चढवायची, खवले-सुरकुत्या उठवायच्या, रंगवायचे, आणि आत माणूस शिरेल, चालेल, श्वास घेईल, बाहेरचे थोडे तरी दिसेल अशी सोय ठेवायची. गारामोनसारखा काटेरी राक्षस याच हातांतून आला. ताकायामा आपल्या कामाची रोजनिशी लिहीत. पुढे ती पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली.

आणि आतला माणूस? आपल्याकडच्या बोहाड्यात जड मुखवटा बांधून रात्रभर नाचणारा सोंगाडी ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे कष्ट समजतील. इथे भर म्हणजे स्टुडिओतल्या प्रखर दिव्यांची धग. हारुओ नाकाजिमा, म्हणजे मूळ गॉडझिलाच्या आतले नट, नेरोंगा, जिरास, गाबोरा यांच्याही आत होते. गॉडझिलाच्या चालीसाठी त्यांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलांच्या चाली न्याहाळल्या होत्या. राक्षस पडद्यावर जड वाटावा म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा वेगात चालवतात. चित्र संथ होते आणि संथपणातून वजन जाणवते. पण मुळात पाऊल कसे टाकायचे हे नटालाच कळावे लागते, ते कॅमेरा शिकवत नाही.

१८ डिसेंबर १९६६ रोजी दाखवलेला ‘अल्ट्रामॅन’चा तेविसावा भाग मी वेगळा काढतो. दिग्दर्शक आकिओ जिस्सोजी. त्यातला जामिला हा राक्षस मुळात माणूस आहे: अंतराळवीर. अपघातात तो पाणी नसलेल्या ग्रहावर पडला आणि त्याच्या देशाने स्वतःची अब्रू झाकण्यासाठी त्याला तिथेच सोडले. तहानेने त्याचे रूप पालटले. नारितांनी त्याचे डोके खांद्यांत रुतवले. कातडी उन्हाने तडकलेल्या जमिनीसारखी आहे. अल्ट्रामॅन त्याला पाण्याने मारतो. ज्याच्यासाठी तो तडफडला, त्याच पाण्याने! चिखलात सरपटताना त्याच्या ओरडण्यात तान्ह्या बाळाचे रडणे मिसळलेले आहे. जपानी मुले अंगातला सदरा डोक्यावर ओढून जामिला होत. मुलांनी खेळ केला त्या रूपात केवढे दुःख ठेवले होते!

बाल्टनही याच जातीचा आहे. त्याचा ग्रह एका वेड्या शास्त्रज्ञाच्या अणुचाचणीत नष्ट झालेला. दोन अब्ज तीन कोटी जीव सूक्ष्म होऊन यानात बसले आहेत आणि राहायला जागा शोधत पृथ्वीवर आले आहेत. हिरोशिमाला तेव्हा एकवीस वर्षे होत आली होती. अल्ट्रामॅन ते यान नष्ट करतो, आणि त्या विजयाचा आनंद आजही मला निखळ वाटत नाही.

नारितांनी १९६८ साली, ‘अल्ट्रासेव्हन’ चालू असतानाच कंपनी सोडली. अल्ट्रामॅनच्या छातीवरचा लुकलुकणारा दिवा त्यांना कधीच पसंत नव्हता. तो दुसऱ्यांनी बसवला. हक्क कंपनीकडे राहिले, खेळणी कोट्यवधी विकली गेली, आणि ज्यांनी आकार दिला त्यांचे नाव बराच काळ जाणकारांपुरते राहिले. हा अन्याय आहे, आणि तो मालिकेवर प्रेम करणाऱ्यांनीच बोलून दाखवला पाहिजे. ताकायामा १९८२ साली गेले, नारिता २००२ साली.

नारितांची मूळ रंगीत चित्रे आज आओमोरीच्या कलासंग्रहालयात आहेत. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आता नोकरी-शिक्षणासाठी जपानात असतात. त्यांच्याकडे गेलात तर तोक्यो-क्योतोवर थांबू नका, उत्तरेला आओमोरीपर्यंत जा आणि नातवंडांना सोबत न्या.