लेक हिशेबाच्या नोकरीसाठी परदेशी निघाली, तर

मैत्रिणींनो, अमरावतीच्या राजापेठेतून आम्ही बचत गटाच्या महिला बोलतोय. कापसाची वेचणी, चण्याची सोंगणी, घरचं दळण-कांडण यातून वेळ काढून तुम्ही ऐकायला बसल्या आहात, म्हणून सरळ विषयावर येतो.

पूर्वी शिकलेलं पोर पुण्या-मुंबईला गेलं तरी घरात रडारड व्हायची. आता दुबई, शारजा, मस्कत, दोहा ही नावं आपल्या ओसरीवर ऐकू येतात. आणि जाणारा दरवेळी इंजिनिअर किंवा डॉक्टरच असतो असं नाही. बी. कॉम., एम. कॉम. झालेली, सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप केलेली मुलं-मुली हिशेबाच्या नोकरीसाठी तिकडे जातात. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूरकडची कितीतरी पोरं अमरावती-अकोल्यात खोली करून हे शिक्षण घेतात. त्यांच्या आयांनी काय माहीत करून घ्यावं, ते आज सांगायचं आहे.

आधी हे काम काय असतं ते समजून घेऊ. आपल्या गटाची सचिव जे करते तेच, फक्त मोठ्या प्रमाणात. आपण बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, दंड वेगवेगळं लिहितो. महिनाअखेर पेटीतली रोकड आणि वही जुळली पाहिजे, नाही जुळली तर कुणी उठत नाही. कंपनीतही तेच. कुणाकडून येणं आहे, कुणाला देणं आहे, सरकारचा कर किती, सगळं जुळवावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-शारजा ज्या देशात आहेत तिथे, 1 जानेवारी 2018 पासून मालावर आणि सेवेवर 5 टक्के व्हॅट लागू झाला. जून 2023 पासून कंपन्यांच्या नफ्यावर 9 टक्के कर आला. कर आला की वह्या नीट ठेवाव्या लागतात, आणि वह्या ठेवणारी माणसं लागतात.

हिशेबाच्या जोरावर मराठी माणसानं जग पाहणं काही आजचं नाही. चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावात जन्मले. सनदी अधिकारी म्हणून त्यांनी नोकरी केली ती आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1944 साली अमेरिकेत ब्रेटन वुड्सला, जिथे देशादेशांच्या पैशाच्या व्यवहाराचे नियम ठरले, तिथे हिंदुस्थानच्या वतीनं बसले. तेव्हा अशी संधी एखाद्यालाच मिळायची. आता ती आपल्या गल्लीत आली आहे. म्हणूनच फसवणारेही गल्लीत आले आहेत.

आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट सांगतो. तिच्या मुलीनं सीएची मधली परीक्षा पास केली होती, आर्टिकलशिपही पुरी केली होती. एका माणसानं दुबईत अकाउंटंटची नोकरी देतो म्हटलं. दोन लाख रुपये मागितले, रोख, आठ दिवसांत. ताई गटाकडे एक लाखाचं कर्ज मागायला आली. उरलेल्या लाखासाठी ती सोनं मोडणार होती. म्हणाली, "पोरीचं भलं होऊन राह्यलं, तं दोन लाख काय मोठे?"

गटात चर्चा झाली. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या सभासद बाईनं एकच विचारलं, "पैसे घेते तं पावती काहून देत नाही?" मग एकेक प्रश्न निघाला. कंपनीचं नाव काय? करार कुठे आहे? व्हिसा कोणता? त्या माणसाचं उत्तर होतं, आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ द्या, तिकडे गेल्यावर नोकरीचा करून घेऊ.

मैत्रिणींनो, हे उत्तर ऐकलं की उठून यायचं. व्हिजिट व्हिसा म्हणजे पाहुणीचा परवाना. त्यावर नोकरी करणं तिथल्या कायद्यानं गुन्हा आहे. पकडलं गेलं तर शिक्षा पोरीला, पैसे घेणारा इकडे मोकळा.

परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर एजंटाकडे केंद्र सरकारचा परवाना लागतो. 1983 च्या उत्प्रवासन कायद्यात तसं आहे. परवाना असलेल्या एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर आहे. नाव टाकलं की दिसतं. आणि परवानाधारक एजंटालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. ताईला भेटलेल्या माणसाचं नाव त्या यादीत नव्हतं. पैसे दिले नाहीत.

इथे एक गोष्ट नीट ऐका. दहावी नापास किंवा कमी शिकलेला माणूस आखाती देशात कामाला जातो तेव्हा त्याला सरकारची परवानगी काढावी लागते. तेव्हा त्याचा करार तपासला जातो. दहावीच्या पुढे शिकलेल्यांना ही परवानगी लागत नाही. शिकलेल्यांना मोकळीक आहे, हे चांगलंच. पण त्याचा दुसरा अर्थ असा की आपल्या पदवीधर लेकीचा करार सरकार तपासत नाही. तो आपणच तपासायचा. गेल्या काही वर्षांत कंबोडिया, म्यानमार, लाओस इथे चांगल्या नोकरीच्या नावानं नेऊन शिकलेल्या पोरांना कोंडून ठेवलं, त्यांच्याकडून फोनवर लोकांना फसवण्याचं काम करून घेतलं. सरकारनं याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. संगणक येणाऱ्या पोरांनाच त्यात ओढलं गेलं.

ताईच्या मुलीला पुढे आठ महिन्यांनी शारजाच्या एका कंपनीत नोकरी लागली. मुलाखत संगणकावर झाली. व्हिसाचा खर्च कंपनीनं केला. तिथल्या कायद्यानं तो मालकानंच करायचा असतो, कामगाराकडून घ्यायचा नाही. गटानं तिला 40,000 रुपये दिले, कागदपत्रं आणि पहिल्या महिन्याच्या खर्चासाठी, कारण पहिला पगार महिना भरल्यावरच हाती येतो. दहा हप्त्यांत कर्ज फिटलं.

आता कागदांचं. पासपोर्टसाठी आपल्या भागाचं कार्यालय नागपूरला आहे. चौकशी मात्र आपल्याच पोलीस ठाण्याकडून होते, म्हणून आधार, शाळेचा दाखला, रेशनकार्ड या सगळ्यांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते आधी पाहा. पदवी अमरावती विद्यापीठाची असली तरी तिकडे ती तशीच चालत नाही. राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास असे शिक्के घ्यावे लागतात. त्याला वेळ लागतो. मूळ पदवी कुणाच्या हाती सोडायची नाही, दिली तर पोच घ्यायची.

पगाराचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. आपण वही उघडून बसू. समजा, महिना 5,000 दिरहम ठरले. एका दिरहमाचे साधारण 23 रुपये धरले तर 1,15,000 रुपये झाले. ऐकायला किती मोठं! पण समजा वाटून घेतलेल्या खोलीचं भाडं 1,200, जेवण 800, प्रवास, फोन आणि वरखर्च 500. उरले 2,500 दिरहम, म्हणजे 57,500 रुपये. तेही चांगलेच. पण घरच्यांनी सावकाराकडून दोन लाख शेकडा तीननं काढले असतील, तर त्यातले 6,000 दर महिन्याला नुसते व्याजात जातील.

करारात आणखी एक आकडा पाहायचा, मूळ पगाराचा. 5,000 मध्ये मूळ पगार 3,000 आणि बाकी भत्ते असं लिहिलेलं असू शकतं. नोकरी सुटताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती मूळ पगारावरच. अमिरातीत वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, असा हिशेब आहे. 3,000 वर तो वर्षाला 2,100 दिरहम होतो. मूळ पगार कमी लिहिला तर हे पैसेही कमी.

आता पैसे घरी येतात, त्याचं काय? ते बँकेतूनच यावेत. कुणाच्या हाती, हुंडीनं, जास्त भाव देतो म्हणून पाठवायचे नाहीत. ते बेकायदेशीर आहे, आणि पैसे बुडाले तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या माणसानं इथलं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यायचं असतं. तिकडची कमाई ठेवायला एनआरई खातं निघतं, त्याच्या व्याजावर इथे आयकर लागत नाही. लेक जाण्याआधी तिला घेऊन बँकेत जा आणि हे विचारून घ्या.

वऱ्हाडातल्या घराला कमाई आली की पहिला विचार वावराचा येतो. इथे कायदा वेगळा आहे. परदेशात राहायला गेलेल्या भारतीयाला आपल्या नावानं शेतजमीन विकत घेता येत नाही. घर, फ्लॅट, दुकान घेता येतं. वारशानं आलेली शेती ठेवता येते. पण नवीन वावर तिच्या नावानं नाही. मग घरात काय होतं? पैसे लेकीचे, आणि सातबारा भावाच्या नावानं. पाच वर्षांनी ती परत येते तेव्हा तिच्या घामाचं तिच्या नावावर काहीच नसतं.

मग आईच्या नावानं का नको? लेकीनं आईला दिलेल्या पैशावर आईला आयकर लागत नाही. आई शेतकरी खातेदार असली तर ती वावर घेऊ शकते. बाईचं नाव सातबाऱ्यावर चढण्याचा हा एक चांगला रस्ता आहे. पण पैसे कुणाचे आणि पुढे वावर कुणाचं, हे सगळ्या भावंडांसमोर बोलून घ्या आणि आईनं वकिलाकडून मृत्युपत्र करून ठेवावं. भांडणं पैसा नसताना कमी होतात, पैसा आल्यावर जास्त.

ज्यांचे नवरे जातात त्या सुनांसाठीही दोन शब्द. तो जाण्याआधी बँकेत, विम्यात वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहा. त्याच्या कराराची, पासपोर्टची, व्हिसाची प्रत तुमच्याजवळ हवी, फक्त सासऱ्यांच्या कपाटात नको. आणि घाबरू नका, अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलणं बंद असतं, निरोप मात्र जातात. बोलायला तिथे परवानगी असलेलं बोटिमसारखं दुसरं ॲप घ्यावं लागतं. फोन लागत नाही म्हणून कितीतरी आया उपाशी बसल्या आहेत.

अडचण आली तर? मालकानं पासपोर्ट काढून ठेवणं तिथे कायद्यात बसत नाही. पगार अडकला, त्रास झाला, तर आपल्या दूतावासाकडे जाता येतं. इथून मदद या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते. प्रवासी भारतीयांसाठी टोल फ्री क्रमांक आहे, 1800 11 3090. भिंतीवर लिहून ठेवा.

राहता राहिला प्रश्न, पोरीला एवढ्या दूर पाठवावं का? शेजारीपाजारी विचारतीलच. आम्ही म्हणतो, दूर आणि जवळ हे आता मैलांवर राहिलं नाही. बेलोऱ्याच्या विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान उडू लागलं. खरा प्रश्न दुसरा आहे. ती कुठे जाते, कुणाकडे जाते, कोणत्या कागदावर जाते, हे घरातल्या बाईला माहीत आहे का? माहीत असेल तर ती शारजात असूनही जवळ आहे. माहीत नसेल तर पुण्यातली पोरगीही दूरच.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्यांच्या घरचं कुणी बाहेर गेलं आहे किंवा निघालं आहे, त्यांनी कराराची प्रत आणायची. शिकलेल्या सुनेनं ती मोठ्यानं वाचायची. मूळ पगार, राहण्याची सोय, सुट्टी, परतीचं तिकीट, या चार ओळी शोधायच्या. सापडली नाही ती ओळ वहीत लिहायची आणि कंपनीला विचारायला सांगायची. आपण आपली वही जुळल्याशिवाय उठत नाही, तर लेकीच्या कागदाच्या वेळी तरी का उठावं?