अल्बानियातील स्त्री: हक्क आणि मालकी



उत्तर अल्बानियाच्या डोंगराळ मुलखात शतकानुशतके राजाचा हुकूम चालला नाही. चालला तो ‘कानून’. पंधराव्या शतकातील सरदार लेक दुकाजिनी याच्या नावाने ओळखली जाणारी ही रूढींची संहिता पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होती. श्त्येफेन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन पाद्र्याने ती संकलित केली आणि त्याची हत्या झाल्यानंतर, १९३३ मध्ये, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या लेखी स्त्री म्हणजे ओझे वाहणारी कातडी पिशवी. पित्याच्या मालमत्तेत तिला वाटा नाही. विवाहात वधूपिता आंदणाबरोबर एक काडतूस देई. पत्नीने व्यभिचार केला किंवा पाहुण्याचा विश्वासघात केला तर पतीने तिला गोळी घालावी, माहेर सूड घेणार नाही, असा त्याचा अर्थ. रक्ताच्या वैरातून स्त्रियांना वगळले होते खरे, पण ते दाक्षिण्य नव्हते. कुळाच्या हिशेबात तिची गणनाच नव्हती.

एक वाट मात्र खुली होती. घरात पुत्र नसेल, किंवा ठरलेला विवाह नाकारूनही दोन कुळांत वैर पेटू द्यायचे नसेल, तर तरुणी ज्येष्ठांसमक्ष आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेई. मग ती ‘बुर्नेशा’ होई. पुरुषी वेष, खांद्यावर बंदूक, पुरुषांच्या बैठकीत जागा, तंबाखू आणि घराचा कारभार हे सारे तिला मिळे. इंग्रज लेखिका एडिथ डरहॅम यांनी १९०९ मधील आपल्या प्रवासग्रंथात अशा स्त्रियांविषयी लिहिले आहे. वारसा मिळे, पण स्त्रीपण गहाण टाकून!

राजा झोगच्या १९२९ च्या नागरी संहितेने बहुपत्नीत्वावर बंदी घातली. १९३७ मध्ये बुरख्यावरही बंदी आली. डोंगरात याचा फारसा परिणाम झाला नाही. फॅसिझमविरोधी युद्धात मात्र हजारो स्त्रिया बंदुका घेऊन उतरल्या आणि युद्धानंतर त्यांना मताधिकार मिळाला. एन्व्हर होजाच्या राजवटीत निरक्षरता हटली, मुली विद्यापीठात गेल्या, कामगारांत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याजवळ पोचले. हे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु त्याच राजवटीने गर्भपातावर बंदी घातली आणि विरोधकांच्या बायकामुलांना तेपेलेना येथील छावणीत डांबले. स्त्रियांची संघटना होती, पण ती पक्षाचा आदेश खाली पोचविणारी. गिरणीतून परतलेली कामगार स्त्री चुलीपुढे बसे. त्या श्रमाचा हिशेब कोणत्याच पंचवार्षिक योजनेत नव्हता. वरून आलेली ही समता किती उथळ होती हे पुढे दिसले. साम्यवादी विधिमंडळात एक तृतीयांशाच्या आसपास असलेल्या स्त्रिया १९९२ च्या संसदेत बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. कारखाने बंद पडले, आणि नव्वदीच्या दशकात कित्येक तरुणी इटली-ग्रीसमधील देहविक्रीच्या बाजारात ओढल्या गेल्या.

याउलट कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००६ चा कायदा पाहावा. स्त्री-संघटनांनी वीस हजार नागरिकांच्या सह्या गोळा करून त्याचा मसुदा संसदेपुढे ठेवला आणि तो संमत करून घेतला. २००८ च्या कायद्याने उमेदवारीत ३० टक्क्यांची अट आणली; २०२१ मध्ये स्थापन झालेल्या मंत्रिमंडळातील सतरांपैकी बारा मंत्री स्त्रिया होत्या.

तिराना येथील या चित्राने हुरळून जाऊ नये. १९९१ च्या जमीन कायद्याने सहकारी शेते मोडून जमीन कुटुंबांना वाटली. आपल्या सातबाऱ्यासारखा जो दाखला त्या वेळी मिळाला, त्यावर नाव लागले ते कुटुंबप्रमुखाचे, म्हणजे बहुतेक घरी पुरुषाचे. २००३ च्या कुटुंब संहितेने विवाहानंतर मिळविलेली मालमत्ता पतिपत्नींची सामाईक मानली. तरी विधवा किंवा घटस्फोटिता नोंदणी कार्यालयात जाते तेव्हा तिच्यापुढे उघडले जाते ते तेच जुने कागद, आणि भावांच्या नावे वाटा सोडून देण्याचा आग्रह माहेरी अजून होतो.