शिक्षण आणि आपले मत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषण करण्याची मला सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "घरात बोलता तसेच बोला." म्हणून उभी राहिले आहे.

माझे माहेर दौंडचे, सासर शिरूरचे. २०२४ च्या लोकसभेला दौंडचे मतदान ७ मे रोजी झाले, कारण तो भाग बारामती मतदारसंघात येतो. आपले १३ मे रोजी. मी वहिनींना विचारले, "मत कोणाला दिलेत?" त्या म्हणाल्या, "घरच्यांनी सांगितले त्याला." मी हसले. आणि सहा दिवसांनी मीही तेच केले!

त्याच साली माझ्या मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला. कारकुनाने सांगितले, "आधी सगळी फी भरा, मग बघू." माझ्या पाटल्या गहाण पडल्या. पुढे शेजारच्या एका गुरुजींनी दाखवले की, ८ जुलै २०२४ रोजी सरकारचा निर्णय निघाला होता. ज्यांचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतील मुलींना, केंद्रीय फेरीतून व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाला तर शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ. आमचे घर त्यात बसत होते. पण मला ते ठाऊक नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते. प्रचाराला मंडळी दारी आली. मी विचारले, "मुलींच्या वसतिगृहाचे काय? कॉलेजच्या वेळेला एस.टी. मिळेल का?" ते एकमेकांकडे पाहू लागले. एकजण म्हणाला, "मावशी, हे आम्हाला कोणी विचारत नाही."

भगिनींनो, खरी गोम इथेच आहे. आपण नातेगोते पाहतो, जात पाहतो, दिलेली साडी पाहतो. रस्ता आणि पाणी मागतो, ते मागावेच. पण मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न घरातल्या चुलीपाशीच राहतो.

शिकलेले लोक विचार करून मत देतात, असेही समजू नका. विधान परिषदेत पदवीधरांचे सात आमदार असतात. त्यांना मत देण्यासाठी पदवी मिळून तीन वर्षे व्हावी लागतात आणि यादीत नाव नोंदवावे लागते. माझा भाचा पदवीधर आहे, पण त्याने नाव कधी नोंदवलेच नाही. मला ते मत नाही. त्याला आहे, आणि त्याची त्याला किंमत नाही.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी "अमक्याची बायको," "तमक्याची आई" एवढेच सांगितले होते. आज आपले नाव यादीत आहे. मग मत तरी आपले स्वतःचे असू द्या.

माझी एक सूचना आहे. पुढच्या निवडणुकीपूर्वी मंडळाने फी, वसतिगृह आणि एस.टी. असे तीन प्रश्न कागदावर लिहून प्रत्येक उमेदवाराला द्यावेत. उत्तर काय येते ते आपण इथे बसून वाचू. हळदीकुंकवाचे वाण जरूर घ्यावे, पण मत वाणात देऊ नये.