विमान बाळगण्याचा हिशेब



आपल्यांतील पुष्कळांचीं मुलें नोकरीनिमित्त अमेरिकेंत आहेत. त्यांतील एखाद्यास लहान विमान घेण्याची हौस झाली, तर नुसती किंमत विचारून भागणार नाहीं. घोडा घेणें सोपें, पण त्याचा चंदी-दाणा रोजचा!

सेसना १७२ या चार आसनी विमानाचें उदाहरण घेऊं. १९५६ पासून हीं विमानें ४४,००० हून अधिक झालीं असून जुनें विमानही तेथें सहज विकत मिळतें.

खर्चाचे दोन भाग पाडावे. पहिला बैठा खर्च. विमान उडो वा न उडो, तो चुकत नाहीं. यांत जागेचें भाडें, विमा आणि कायद्यानें दर बारा महिन्यांनीं करावयाची तपासणी येते. दुसरा चालता खर्च. यांत इंधन ताशीं सुमारें ८ गॅलन लागतें, शिवाय दुरुस्ती असते, आणि साधारणतः २,००० तासांनंतर एंजिन संपूर्ण उघडून पुन्हा बांधावें लागतें.

आतां केवळ समजुतीसाठीं आंकडे धरूं. बैठा खर्च वर्षास ८,००० डॉलर. इंधन गॅलनला ६ प्रमाणें ताशीं ४८, एंजिनाच्या बांधणीचे ४०,००० म्हणजे ताशीं २०, दुरुस्तीचे १२. चालता खर्च ताशीं ८० झाला. वर्षांत १०० तास उड्डाण केल्यास बैठा खर्चही ताशीं ८० पडून एकूण १६० होतात. चाळीसच तास केल्यास बैठा खर्च २०० वर जातो आणि तोच तास २८० डॉलरांस पडतो. खरेदींत गुंतलेली रक्कम निराळीच.

येथें खरा धोका आहे. एंजिनाच्या त्या २० डॉलरांचें बिल कोणी दरमहा पाठवीत नाहीं, म्हणून ते बाजूस पडत नाहींत. हात आखडला कीं मालक उड्डाणें कमी करितो. पण एंजिन पडून राहिलें म्हणजे आंतून गंजतें. मग दुरुस्ती पुढें ढकलण्याचा मोह होतो. बिघडलेली मोटार रस्त्याच्या कडेस उभी करतां येते. आकाशांत तशी सोय नाहीं.

चौघांनीं मिळून विमान घेतलें आणि प्रत्येकानें २५ तास उडविलें, तर तास पुन्हा १६० वर येतो. त्याहून कमी उडणाऱ्यानें भाड्याचें विमान घ्यावें. म्हणून मुलानें पत्रांत किंमत कळविली, तर आपण उलट दोन प्रश्न विचारावे: वर्षांत तास किती, आणि एंजिनासाठीं रक्कम बाजूस टाकणार कीं नाहीं? दुसऱ्याचें उत्तर नकारार्थी असेल, तर हा सौदा स्वस्त असूनही परवडणारा नाहीं.