एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स

नारायणगावाहून खोडदकडे निघालं की द्राक्षांच्या बागांपलीकडे तारांच्या जाळीच्या अजस्र तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, आणि अशा एकूण 30. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी. दरवर्षी विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं आणि आपल्या भागातल्या शाळांची मुलं मॉडेलं घेऊन जातात. त्यातलंच कुणी पुढे बी.एस्सी.ला गेलं की त्याला वाटतं, या दुर्बिणीचा डेटा आपणही उघडून बघावा. तो काही काळानं सर्वांसाठी खुलाही होतो. पण त्यावर काम करायचं 'कासा'सारखं सॉफ्टवेअर चालतं लिनक्सवर. घरात लॅपटॉप एकच, त्यावर विंडोज, आणि विंडोजमध्ये थोरल्या भावाचं टॅली. ते काढायचं म्हटलं तर घरात महाभारत!

मग विंडोजशेजारी उबुंटू नावाचं लिनक्स बसवायचं. लॅपटॉप सुरू होताना कुठं जायचं ते विचारतो, आपण निवडायचं. इथवर सोपं आहे. गाडी अडते ती फायलींपाशी.

विंडोज आपल्या फायली एनटीएफएस नावाच्या पद्धतीनं मांडतं, उबुंटू सहसा ईएक्सटी-फोर पद्धतीनं. लिनक्सला विंडोजची मांडणी वाचता येते, लिहिताही येते. विंडोजला मात्र लिनक्सची मांडणी स्वतःहून कळत नाही. तो भाग दिसला की ते सरळ विचारतं, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?' तिथं घाईनं 'हो' म्हटलंत, तर सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा 'कॅन्सल' दाबा आणि पुढे चला.

यावर माझ्या मते चांगला उपाय म्हणजे डिस्कचा तिसरा भाग पाडणं. एकात विंडोज, दुसऱ्यात उबुंटू आणि तिसरा दोघांच्या सामाईक फायलींसाठी, एनटीएफएसमध्ये. आपल्याकडच्या सामाईक विहिरीसारखं समजा. विहीर दोघांची, पण पाळी एका वेळी एकाचीच, आणि पाळी संपली की मोटर बंद करून जायचं.

नेमकी ही मोटर विंडोज चालू ठेवून जातं. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. आपण 'शट डाउन' करतो तेव्हा विंडोज पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी झटपट उठता यावं म्हणून आपली अर्धीमुर्धी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं. मग उबुंटूत गेलात तर सामाईक भाग नुसता वाचायला मिळतो, फाइल ठेवायला गेलं की नकार. काही जण इंटरनेटवरची एखादी आज्ञा वापरून जबरदस्तीनं लिहितात. तसं करू नका; विंडोज उठल्यावर तुमची नवी फाइल गायब होऊ शकते, जुन्याही बिघडू शकतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली ही सोय बंद करता येते, ती एकदाची करून टाका. तोवर उबुंटूत जाताना 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' निवडा. रीस्टार्ट करताना विंडोज खरोखर बंद होतं.

पेनड्राइव्हचं काय? जुन्या फॅट-32 पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही, मग ड्राइव्ह भलेही 64 जीबीचा असो. दुर्बिणीचा डेटा तर सोडाच, लग्नाचं अख्खं चित्रीकरणसुद्धा त्यात एका फायलीत मावायचं नाही. नव्या पद्धतीच्या एक्सफॅटला ही अडचण नाही, आणि मायक्रोसॉफ्टनं 2019 मध्ये त्याचा तपशील खुला केल्यावर लिनक्सनंही ते आपलंसं केलं. पण लिहिता लिहिता वीज गेली तर सावरायला एनटीएफएसकडे नोंदवही असते, एक्सफॅटकडे ती नाही. आपल्याकडची वीज आणि लॅपटॉपची थकलेली बॅटरी लक्षात घेता, डिस्कवरच्या सामाईक भागासाठी मी एनटीएफएसच सुचवीन.

फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायची ही डोकेदुखी खगोलशास्त्रज्ञांना फार आधीपासून होती. तेव्हाचे संगणक एका घासाला कुठं 32 बिट घेत, कुठं 36, तर कुठं 60. म्हणून 1981 साली प्रसिद्ध झालेल्या 'फिट्स' या फाइल-पद्धतीत 2880 बाइटचा गठ्ठा ठरवला गेला. म्हणजे 23,040 बिट. 32, 36, 60 या तिन्हींनी नि:शेष भाग जातो! जीएमआरटीचा डेटाही आज फिट्समध्ये करून घेता येतो.

आता फायलींच्या नावांबद्दल. नाव मराठीत जरूर द्या, पण आटोपशीर. ईएक्सटी-फोरमध्ये नावाला 255 बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळं धरून. नुसतं 'जुन्नर' लिहिलं तरी 18 बाइट झाले. त्यामुळे 85 चिन्हांच्या पुढचं नाव विंडोजमध्ये बिनबोभाट चालतं, आणि उबुंटूच्या भागात कॉपी करताना अडतं. उलट, लिनक्समध्ये वेळ लिहिताना नावात टाकलेला अपूर्णविराम, ते दोन टिंबांचं चिन्ह, विंडोजला चालत नाही. तिथं साधी आडवी रेघ वापरा.

आणि उबुंटूतून विंडोजमध्ये आल्यावर कधी घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर लॅपटॉप दुरुस्तीला नेऊ नका. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. उबुंटूला एकदा सांगून ठेवता येतं, की आतलं घड्याळ इथल्याच वेळेवर चालू दे.